राजपुत्ररक्षण आणि बालकलह

(१)

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचा सतरावा अध्याय 'राजपुत्ररक्षण' या नांवाचा आहे. हा समास षष्ठी तत्पुरुष मानला तर राजपुत्राचें रक्षण असा अर्थ होतो. पंचमी तत्पुरुष मानला तर राजपुत्रापासून रक्षण असा होतो. ग्रंथकाराचा आरंभींचा रोख दुसऱ्या अर्थाकडे आहे. कारण राजानें प्रथम स्वतःचें रक्षण स्त्रिया व पुत्र यांपासून करावें, असें तो म्हणतो. परंतु अध्याय वाचून संपवितांना पहिला अर्थच मनांत राहतो. ज्याच्यापासून भय वाटतें त्याचेंच रक्षण केल्याशिवाय तें भय जात नाहीं, हा त्या अध्यायाचा निष्कर्ष आहे असें आमचें मत झालें आहे. तें मत सप्रमाण मांडावें व आपल्या इतिहासांतील कांहीं प्रसंगांवर घांसून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वाट चुकण्याचा संभव असलेल्या कोवळ्या वयाच्या मुलांशीं राज्यानें कसें वागावें, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ चर्चिला जातो. त्या चर्चेंत नागरिकत्व व प्रचार हे दोन शब्द वारंवार येतात, आणि त्यांच्या उपपत्ति बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांतून घेतल्या जातात. ग्रीकांनीं हा प्रश्न ओळखला होता यांत शंका नाहीं. तरुणांस बिघडविल्याचा आरोप ठेवून अथेन्सनें इ. स. पू. ३९९ मध्यें सॉक्रेटीसास देहांत शिक्षा दिली. आणि राज्य करणें व राज्याधीन राहणें या दोहोंत ज्याचा वांटा तो नागरिक, असा विचार ॲरिस्टॉटलनें मांडला. परंतु आमच्या शास्त्रकारांनींही या प्रश्नाचा खल केलेला आहे, आणि तो इतका बारकाईनें केलेला आहे कीं, आजच्या चर्चकांनीं त्याकडे पाठ फिरवावी हें उचित नाहीं.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'नागरिक' हा शब्द अर्थशास्त्रांत आहे. पण तेथें त्याचा अर्थ नगराचा कारभार पाहणारा अधिकारी असा असून, दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत त्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील 'नागरक' हा शहरांत राहणारा रसिक व सुखवस्तु पुरुष होय. आजच्या अर्थाला जवळचे जुने शब्द 'पौर' व 'जानपद' हे आहेत. पण त्यांतून वस्तीचा बोध होतो, सत्तेंतील वांट्याचा होत नाहीं. तो वांटा ज्यांना होता ते 'संघ' किंवा 'गण' यांचे घटक होत.

'प्रचार' शब्दाचेंही असेंच आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचें नांव 'अध्यक्षप्रचार' असें आहे, व त्याचा अर्थ खात्यांच्या प्रमुखांचें कामकाज एवढाच. दुसऱ्याच्या मनांत एखादें मत हेतुपुरःसर पेरणें याला कौटिल्याचा शब्द 'उपजाप' हा आहे. कानाशीं लागून कुजबुजणें हा त्याचा मूळ अर्थ. आणि ज्याच्यावर उपजाप चालूं शकेल अशा माणसाला तो 'कृत्य' म्हणतो. क्रुद्ध, लुब्ध, भीत व मानी असे कृत्यांचे चार वर्ग त्यानें केले आहेत. क्रुद्धांची यादी पाहण्यासारखी आहे : देऊं केलेलें ज्याला दिलें नाहीं तो, बरोबरीचें काम करूनही ज्याचा अवमान झाला तो, मर्जींतल्या माणसांनीं ज्याची वाट अडविली तो. म्हणजे मनुष्य फितूर होतो तो केवळ त्याच्या दुष्ट स्वभावामुळें नव्हे. पूर्वीं कोणीतरी त्याचें कांहींतरी हिरावून घेतलेलें असतें, हें या शास्त्रकारास पूर्ण अवगत होतें. आज ज्यांना आपण धोक्याच्या उंबरठ्यावरचे तरुण म्हणतों, त्यांना 'कृत्य' याहून नेमका शब्द आम्हांस सुचत नाहीं.

(३)

आतां मूळ वादाकडे वळूं. राजपुत्राचें काय करावें याविषयीं सहा पूर्वाचार्यांचीं मतें कौटिल्यानें एकापुढें एक मांडलीं आहेत, आणि प्रत्येक आचार्य मागल्याचें मत खोडून आपलें मांडतो. भारद्वाज म्हणतो, राजपुत्र हे खेंकड्यांसारखे जन्मदात्यालाच खाणारे असतात. पित्याच्या मनांत माया उत्पन्न होण्यापूर्वींच त्यांचा गुपचूप निकाल लावावा. विशालाक्षाला हें क्रौर्य वाटतें. ज्याचा अपराध दिसलेला नाहीं त्याचा हा वध आहे, त्यापेक्षां एका जागीं कोंडून ठेवणें बरें. पाराशर म्हणतात, हें तर सापाचें भय झालें. बाप आपल्या पराक्रमाला भिऊन आपल्याला कोंडतो हें मुलाला कळतें व तो बापालाच मुठींत आणतो. म्हणून सरहद्दीवरच्या किल्ल्यांत ठेवावा. पिशुन म्हणतो, हें मेंढ्याचें भय. मेंढा मागें सरतो तो टक्कर देण्यासाठींच, तसा तो सरहद्दीच्या रक्षकाशीं सख्य करील. त्यापेक्षां दूरच्या सामंताच्या किल्ल्यांत असूं द्यावा. कौणपदंत म्हणतो, तें वासराचें स्थान होय. वासरूं दाखवून गाय पिळावी तसा सामंत बापाला पिळून घेईल. म्हणून आजोळीं ठेवावा. वातव्याधि म्हणतो, आजोळचे लोक त्याचा झेंडा करून त्याच्या नांवावर मागत सुटतील. त्याला खुशाल हलक्या सुखांत सोडून द्यावा, सुखांत गुंतलेला मुलगा बापाशीं द्रोह करीत नाहीं.

वध, कोंडी, हद्दपारी, परस्वाधीन करणें, नातलगांच्या गळ्यांत बांधणें व विलासांत बुडविणें, असे हे सहा उपाय आहेत. त्यांत एक गोष्ट समान आहे. सहाही जण मुलाच्या जागेचा विचार करतात, मनाचा कोणीच करीत नाहीं.

कौटिल्य सहाव्याला उत्तर देतो तें असें कीं, हें जिवंतपणींचें मरण आहे. ज्या राजकुलांतला मुलगा अशिक्षित राहिला तें किडीनें पोखरलेल्या लांकडाप्रमाणें पहिल्याच धक्क्यास मोडतें. येथें त्यानें 'अविनीत' हा शब्द योजिला आहे. विनय म्हणजे नुसती नम्रता नव्हे. विद्या आणि इंद्रियजय यांनीं घडलेलें मन, असा त्याचा शास्त्रीय अर्थ आहे.

यापुढें आंभीय नांवाच्या आचार्यांचें मत येतें, आणि आमच्या दृष्टीनें साऱ्या अध्यायाचें मर्म येथें आहे. ते म्हणतात, एका हेरानें राजपुत्राला शिकार, द्यूत, मद्य व स्त्रिया यांचा मोह घालावा व बापावर उठून राज्य घे असें सुचवावें. दुसऱ्या हेरानें त्याला त्यापासून परावृत्त करावें. म्हणजे परीक्षाही झाली व शिक्षणही झालें. यावर कौटिल्याचा अभिप्राय कठोर आहे : जें त्याच्या मनांत जागें नव्हतें तें जागें करणें हा मोठा दोष होय. नव्या भांड्याला जें माखावें तें तें शोषून घेतें. त्याप्रमाणें नवी बुद्धि जें कांहीं ऐकते तें शास्त्राचा उपदेश समजूनच घेते. सुचविणारा हेर आहे कीं गुरु आहे, हें तिला ओळखतां येत नाहीं. यासाठीं त्याला धर्म व अर्थ यांचाच उपदेश करावा, अधर्म व अनर्थ यांचा करूं नये.

मात्र कौटिल्य भाबडा नाहीं. ज्याच्या मनांत दुर्वासना आधींच उत्पन्न झाली आहे, त्याच्याकडे तोही हेर पाठवितो. मद्याची आवड असेल तर औषध मिसळलेलें मद्य देऊन किळस आणावी, शिकारीची असेल तर चोरांच्या वेषांतील माणसांकडून भिववावें. आणि बापावर उठण्याचा बेत असेल तर त्या बेतांत सामील झाल्यासारखें दाखवून विश्वास मिळवावा व मग अपयशांत मृत्यु, यशांतही नरक आणि प्रजेचा क्षोभ, असें समजावून परतवावें. दोन्ही ठिकाणीं हेर आहे. पण आंभीयांचा हेर बीं पेरतो व कौटिल्याचा हेर उगवलेलें उपटतो. नसलेला अपराध निर्माण करून मग त्यासाठीं दंड करण्याची जी रीत सर्व काळीं सर्व राज्यांत आढळते, तिचा इतका स्पष्ट निषेध राजनीतीच्या दुसऱ्या प्राचीन ग्रंथांत आमच्या पाहण्यांत नाहीं.

(४)

हाच ग्रंथकार अकराव्या अधिकरणांत संघांविषयीं बोलतो, तेव्हां मात्र चित्र उलटें होतें. लिच्छविक, वृजिक, मल्लक, मद्रक इत्यादि संघ एकजुटीमुळें शत्रूस अजिंक्य असतात, म्हणून त्यांत भेद पाडावा असें तो विजिगीषूस सांगतो. आणि त्याचा एक उपाय असा कीं, आचार्याच्या वेषांतील हेरांनीं विद्या, शिल्प, द्यूत व खेळ यांच्या निमित्तानें 'बालकलह' उत्पन्न करावे. दुसरा उपाय त्याहून मर्मभेदक आहे. संघमुख्याच्या मुलाला, विशेषतः स्वतःस मोठा समजणाऱ्याला, हेरानें सांगावें कीं, तूं खरा अमक्या राजाचा पुत्र आहेस, शत्रूच्या भयानें तुला येथें ठेवलें आहे. म्हणजे ज्या नवबुद्धीला स्वतःच्या घरांत जपायचें, तिलाच परक्याच्या घरांत कलहाचें साधन करायचें.

बौद्ध वाङ्मयांतील वस्सकार ब्राह्मणाची कथा या सूत्राचें उदाहरणच आहे. अजातशत्रूचा हा अमात्य वज्जींवर स्वारी करण्याविषयीं बुद्धाचा अभिप्राय घेण्यास गेला, तेव्हां वज्जी जोंपर्यंत वारंवार एकत्र जमतात, एकमतानें कार्य करतात व वृद्धांस मान देतात, तोंपर्यंत त्यांची हानि होणार नाहीं, असें त्याच्या ऐकण्यांत आलें, हें महापरिनिब्बानसुत्तांत आहे. पुढची हकीकत अट्ठकथेंत येते. वस्सकारानें राजाशीं खोटें भांडण केलें, वैशालीस जाऊन आश्रय मिळविला, आणि तेथें तो लिच्छवींच्या कुमारांस शिकवूं लागला. एखाद्या कुमारास बाजूला घेऊन तो अगदीं क्षुल्लक प्रश्न विचारी. इतरांनीं काय विचारलें असें पुसल्यावर तो कुमार खरें सांगे, पण त्यावर कोणाचा विश्वास बसत नसे. तीन वर्षांत संघ असा फुटला कीं, शत्रु आल्याची दुंदुभि वाजली तरी कोणी जमेना. या कथेंत लक्षांत घेण्यासारखें हें कीं, वस्सकारानें प्रथम एकही खोटें मत पसरविलें नाहीं. त्यानें फक्त मुलांचा एकमेकांवरचा विश्वास नाहींसा केला. पुढचें काम मुलांनींच केलें. प्रचाराची शक्ति त्यांतील असत्यांत असते असा जो समज आहे, तो या कथेनें दुरुस्त होतो.

संघ म्हणजे सत्तेचे वांटेकरी. तेथें प्रत्येक कुलांतला मुलगा राजपुत्र असतो. म्हणून तेथें एका मुलाचें मन फिरविण्यानें जें होतें, तें राजसत्तेंत केवळ युवराजाचें मन फिरविण्यानें होतें. कौटिल्यानें त्याच अध्यायाच्या शेवटीं संघांसही या कपटांपासून स्वतःचें रक्षण करण्याचा सल्ला दिला आहे, आणि संघमुख्यानें न्यायी, संयमी व सर्वांच्या मनाचा मान राखणारा असावें असें म्हटलें आहे. रोग उत्पन्न करण्याची व टाळण्याची अशा दोन्ही विद्या त्याच्याजवळ होत्या.

(५)

अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत रु. शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ मध्यें आली व १९०९ मध्यें ती छापली गेली. त्यापूर्वींच्या काळांत हें शास्त्र बहुधा कामंदकाच्या नीतिसारावरून जाणलें जाई. त्यांतही राजपुत्ररक्षणाचा विचार आहे, व एक वचन विशेष आहे : राजपुत्र दुर्वृत्त झाला तरी त्याला टाकूं नये, कारण क्लेश दिलेला मुलगा परक्याचा आश्रय करून पित्यावर उलटतो.

मराठ्यांच्या इतिहासांत या वचनाचा प्रत्यय फार जवळ आहे. १६७८ च्या डिसेंबरांत संभाजीराजे दिलेरखानास जाऊन मिळाले व १६७९ च्या अखेरीस पन्हाळ्यास परत आले. त्या प्रसंगाचीं कारणें उत्तरकालीन बखरींनीं ज्या रंगांत रंगविलीं, त्यांतील पुष्कळसा रंग वा. सी. बेंद्रे यांनीं १९६० मध्यें प्रसिद्ध केलेल्या चरित्रापासून पुसला गेला आहे, आणि बखरींची साक्ष ही देखील एका पक्षाचा उपजाप असूं शकते हें अभ्यासकांस मान्य झालें आहे. आम्हांस येथें दोन गोष्टींकडे लक्ष वेधावयाचें आहे. एक ही कीं, परत आलेल्या पुत्राला शिवछत्रपतींनीं टाकलें नाहीं. पन्हाळ्यास जाऊन त्याची भेट घेतली. दुसरी ही कीं, ज्या राजपुत्राला अविनीत ठरविण्यांत आलें, त्याच्याच नांवावर 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ आहे, आणि त्यांत पूर्वसूरींच्या आधारें राजनीतीचें विवेचन केलेलें आहे. ज्याच्याविषयीं शास्त्र बोलतें तो स्वतःच शास्त्राचा वाचक होता, हें दृश्य विरळा.

कौणपदंताच्या वासराचें उदाहरण शाहूराजांचें. १६८९ मध्यें रायगड पडला तेव्हां सात वर्षांचे असलेले शाहू मोगलांच्या हातीं लागले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्यें आजमशहानें त्यांस सोडलें. मातोश्री येसूबाई व इतर मंडळी मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतलीं. सुटकेनंतर त्याच वर्षीं ताराबाईंच्या सैन्याशीं खेडची लढाई झाली, व पुढें सातारा आणि कोल्हापूर अशीं दोन राज्यें झालीं. धरून ठेवण्यापेक्षां सोडून दिल्यानें अधिक दूध निघतें, एवढी एकच भर आजमशहाच्या नीतीनें त्या सूत्रांत घातली.

विशालाक्षाची कोंडी व पाराशरांचा साप हे दोन्ही पेशवाईच्या अखेरीस दिसतात. राघोबादादांचे पुत्र आधीं आनंदवल्लीस व १७९४ पासून शिवनेरीस नजरकैदेंत होते. १७९५ मध्यें सवाई माधवरावांचा अंत झाला, आणि १७९६ च्या डिसेंबरांत तो कोंडलेला तरुण दुसरा बाजीराव या नांवानें गादीवर आला. ज्या वयांत पेशव्यानें दफ्तर, फौज व माणसें ओळखावयाचीं, त्या वयांत त्यानें पहारेकरी ओळखले होते. १७९७ च्या अखेरीस नाना फडणीस शिंद्यांच्या कैदेंत पडले, त्या कारस्थानांत बाजीरावाचें अंग होतें; आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरास वसईचा तह झाला. या सर्व अनर्थाचें खापर केवळ शिवनेरीवर फोडणें अन्यायाचें होईल. तथापि कोंडणाऱ्याच्या मनांतील भय कोंडलेल्यास कळतें व तो आयुष्यभर त्याच भयाची भाषा बोलतो, हें पाराशरांचें निदान येथें खरें ठरलें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

(६)

यावर एक आक्षेप संभवतो. हें सारें राजपुत्रांचें शास्त्र. तें सामान्य प्रजेच्या मुलांस कसें लागूं करावें? उत्तर त्याच सतराव्या अध्यायाच्या शेवटीं आहे. राज्य एका ज्येष्ठाकडे न जातां सबंध कुलाचेंही असूं शकेल, आणि असा कुलसंघ जिंकण्यास कठीण असतो, असें कौटिल्य तेथें म्हणतो. सत्ता जितक्यांत वांटली जाते तितके राजपुत्र वाढतात, हा त्यांतून निघणारा न्याय आहे. २६ जानेवारी १९५० पासून भारतांत ही वांटणी पूर्ण झाली. मताधिकाराचें वय प्रथम एकवीस होतें, तें एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें १९८९ पासून अठरा झालें. आतां झोपडींतला मुलगाही युवराज आहे, आणि राजपुत्ररक्षणाचें प्रकरण त्यालाही लागूं आहे.

इंग्रजी अमलांत या देशांतले तरुण प्रजा होते, नागरिक नव्हते. म्हणून त्या सरकारचे उपाय बहुतेक पहिल्या सहा आचार्यांचे होते. १८९७ च्या सुधारगृहांच्या कायद्यानें पंधरा वर्षांखालील अपराधी मुलास तीन ते सात वर्षें सुधारगृहांत ठेवतां येई. तो विशालाक्षाचा मार्ग, जरी त्यांत धंदेशिक्षणाची सोय होती. १९०७ च्या रिस्ले यांच्या परिपत्रकानें राजकीय सभांस जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळांचें सरकारी साहाय्य काढून घेण्याची वाट मोकळी केली. जो अजून कोणाचाही झाला नव्हता अशा मुलाला त्या परिपत्रकानें आपण संशयित आहों हें शिकविलें. अबुद्धबोधन तें हेंच. स्वतंत्र भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानें सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिघोर अपराधासाठीं प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याचा मार्ग ठेवला आहे. पण तत्पूर्वीं त्या मुलाच्या मनाची व समजुतीची परीक्षा सांगितली आहे. जागेआधीं मनाचा विचार करावा, हें सूत्र निदान तेथें मान्य झालें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, जो ग्रंथकार परक्यांचीं मुलें फोडण्यास सांगतो, त्याच्याकडून आपल्या मुलांचा उपदेश कां घ्यावा? आमच्या मतें तोच त्याचा उपदेश घेण्याचें कारण आहे. किल्ला कोठून फुटतो हें वेढा घालणाऱ्यास अधिक ठाऊक असतें. परक्याच्या मुलाला तो सांगतो कीं, तूं येथला नव्हेस; त्याअर्थीं आपल्या मुलाला जें सांगावयाचें तें हें कीं, तूं येथलाच आहेस. परक्यांत तो परस्परांवरचा विश्वास मोडतो. त्याअर्थीं आपल्यांत तो राखला पाहिजे. आणि अठराव्या अध्यायांत तर मर्जींतून उतरलेल्या राजपुत्रानें कसें वागावें हेंही त्यानें सांगितलें आहे. संशय घेणाऱ्या राजाबरोबर संशयिताचाही जो विचार करतो, तें शास्त्र एकांगी नव्हे.

(७)

राहिला विनयाचा प्रश्न. तो कशानें येतो? पांचव्या अध्यायांत दिनचर्या दिली आहे. लिपि व गणित, मग त्रयी व आन्वीक्षिकी. व्यवहाराची विद्या प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या अध्यक्षांकडून आणि राजनीति ती सांगणाऱ्या व आचरणाऱ्या दोघांकडून. दुपारनंतरचा वेळ इतिहास ऐकण्याचा. आणि इतिहासांत पुराण, इतिवृत्त, आख्यायिका, उदाहरण, धर्मशास्त्र व अर्थशास्त्र हीं सर्व येतात. आमच्यासारख्या इतिहासाच्या उपासकांस येथें थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. परंतु त्याबरोबर जबाबदारीही येते. नवें भांडें जें माखावें तें शोषतें हा नियम इतिहासालाही लागूं आहे. द्वेष पेटविण्यासाठीं सांगितलेला इतिहास हा आचार्याच्या वेषांतील हेराचाच धंदा होय, मग तो कितीही अस्सल कागदांवर आधारलेला असो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. आपल्या दफ्तरांतून लढाया, वतनें व निवाडे यांचे कागद बाहेर आले. पण मुलांच्या शिक्षणाचे कागद कमी महत्त्वाचे समजून मागें राहिले. कित्ते, उजळण्या, पंतोजींच्या वेतनाच्या नोंदी, मुलांस लिहिलेलीं वडिलांचीं पत्रें, नीतिसार किंवा चाणक्यनीति यांच्या अभ्यासासाठीं केलेल्या नकला, आणि त्यांच्या समासांत बालहस्तानें काढलेल्या रेघोट्या, हें सर्व जपून त्याची यादी करावी. कोणत्या घरांत मुलांस काय ऐकविलें जात होतें हें कळल्यावांचून त्या घरांतून वीर कां निघाला व फितूर कां निघाला, याचा निर्णय करतां येणार नाहीं. एखाद्या रुमालांत नीतिसाराच्या सातव्या सर्गाची नक्कल मिळाल्यास, ती कोणासाठीं व कोणत्या सालीं केली हें समाप्तिवाक्यावरून अवश्य नोंदवून ठेवावें. या प्रश्नाचा पुढील विचार तेथूनच करावा लागेल.